पहिला क्रमांक सोडताना
(ज्ञातिमंडळाच्या भडगाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आटोपल्यावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी मंडळाच्या चिटणीसांची आज्ञा झाली. विषय त्यांनी आमच्यावर सोपविला. निवृत्त शिक्षक बोलावयास उभा राहिला म्हणजे तो अभ्यासाचे महत्त्व अथवा वेळेचा सदुपयोग यावरच बोलणार, हे श्रोत्यांना ठाऊक असते. आणि मागील रांगांतील काही मंडळींनी त्या धास्तीने चहाच्या मांडवाकडे प्रस्थान ठेवलेले आम्हांस येथून दिसत आहे. त्यांना निरोप पोहोचवावा की, गुरुजी आज अभ्यासावर नव्हे, तर धावण्याच्या शर्यतीवर बोलत आहेत.

हा विषय सुचण्याचे कारण आजचा सत्कारच होय. सन्मानपत्रे वाचली जात असताना 'प्रथम क्रमांक' हे शब्द किती वेळा कानी पडले ते आम्ही मोजले नाही. पण ते पुष्कळ वेळा पडले. प्रथम येणाऱ्याचे कौतुक व्हावे हे योग्यच. परंतु ज्याने एका क्षेत्रात प्रथम क्रमांक मिळविला आहे, त्यानेच एके दिवशी 'हे मी सोडतो व दुसरीकडे पहिल्यापासून प्रारंभ करतो' असे म्हटले, तर आपण काय करतो? आपल्या घरांत त्या दिवशी काय घडते, हे आपण सर्वजण जाणतोच. आई डोळ्याला पदर लावते, मामाला फोन जातो, आणि शेवटी गुरुजींना बोलावणे येते. असे एक बोलावणे एकदा आम्हांसही आले होते. त्याकडे आम्ही वळूच. पण आधी ज्या बाईंची हकिकत सांगावयाची ती सांगतो.

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात मोही नावाचे गाव आहे. आपल्या खानदेशाला उन्हाचे कौतुक नको आणि दुष्काळाची ओळखही करून द्यावयास नको. तरी पण भडगावला निदान गिरणामाई आहे, जामद्याच्या बंधाऱ्याचे पाणी आहे, आणि त्या पाण्यावर केळीची बाग उभी करता येते. माणदेश हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील मुलूख. ढग येतात आणि डोक्यावरून पुढे निघून जातात. अशा गावी, शेतकऱ्याच्या घरी, 2 जून 1989 रोजी ललिता बाबर यांचा जन्म झाला. त्यांची ज्ञात कोणती, हे आम्ही विचारले नाही, व आजच्या व्याख्यानास ते कळण्याची आवश्यकताही नाही.

शाळेत त्या खो-खो खेळत. खो-खो हा आपल्या मातीतला खेळ, आणि खेड्यातील मुलीला सहज मिळणारा. त्याला पायांत बूटही लागत नाहीत. परंतु खो-खोत पाठलाग करताना पाय टिकतात ते पाहून या मुलीची वाट धावण्याकडे वळली. 2005 साली पुण्यात वीस वर्षांखालील मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. वय सोळा. हे पहिले वळण झाले. ते लहान वयात झाल्यामुळे कोणाच्या डोळ्यांत आले नाही. पुढे रेल्वेची नोकरी मिळाली, आणि दीर्घ पल्ल्याची धावपटू म्हणून त्यांचे नाव होऊ लागले.

मॅरेथॉन म्हणजे 42.195 किलोमीटर. येथून निघून धावत चाळीसगाव गाठावे, तरी हे अंतर पुरते भरत नाही. तेथे पोहोचून आणखी थोडे धावावे लागेल. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ललिताबाई 2012, 2013 व 2014 अशी लागोपाठ तीन वर्षे पहिल्या आल्या. तीन वर्षे! आपल्या शाळेतील मुलगी तीन वर्षे वर्गात पहिली आली तर आपण तिचे पुढील दहा वर्षांचे वेळापत्रक ठरवून टाकतो. ललिताबाईंनी 2014 च्या जानेवारीतील तिसऱ्या विजयानंतर ठरविले ते उलटेच. आता आपण 3000 मीटर स्टीपलचेस धावणार, असे त्यांनी म्हटले.

असे का केले असावे? आम्ही जन्मभर मुलांना गणित शिकविले, तेव्हा आम्हांस हा निर्णय हिशेबाचा दिसतो. ललिताबाईंची मॅरेथॉनमधील आयुष्यातली सर्वोत्तम वेळ 2 तास 38 मिनिटे 21 सेकंद. तीही त्यांनी पुढच्या वर्षी, जानेवारी 2015 मध्ये, ओ. पी. जैशा यांच्या मागोमाग दुसऱ्या येताना दिली. आता 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या टिकी गेलाना यांनी जी मॅरेथॉन जिंकली, तिची वेळ 2 तास 23 मिनिटे 7 सेकंद होती. पंधरा मिनिटांचे अंतर. या वेगाने पंधरा मिनिटे म्हणजे सुमारे चार किलोमीटर. म्हणजे विजेती पोहोचते त्या क्षणी आपल्या देशातील अव्वल धावपटू चार किलोमीटर मागे. घरच्या शर्यतीत पहिले येत राहणे आणि जगाच्या शर्यतीत चार किलोमीटर मागे राहणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. पहिल्या गोष्टीवर समाधान मानून जन्म काढणारे आपल्या प्रत्येक गावात आहेत, आणि आम्ही त्यांना नावे ठेवीत नाही. हार, तुरे व नारळ त्यांनाच मिळतात. ललिताबाईंनी दुसऱ्या गोष्टीकडे पाहिले. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळवावयाचे तर वाट बदलली पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

स्टीपलचेस ही शर्यत आपल्याकडे फारशी परिचित नाही. पूर्वी आयर्लंड-इंग्लंडकडे एका गावाच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावाच्या मनोऱ्यापर्यंत कुंपणे व ओढे ओलांडीत घोडे दामटण्याची चढाओढ होई, तिच्यावरून हे नाव आले. धावपटूंना 3000 मीटरमध्ये अठ्ठावीस वेळा लाकडी अडथळा आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. स्त्रियांसाठी अडथळ्याची उंची 76.2 सेंटिमीटर असते, आणि तो आडव्या फळीसारखा भक्कम असतो. पाय लागला तर पडतो धावणारा, अडथळा पडत नाही. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना या शर्यतीचे दार 2008 साली उघडले. मोहीसारख्या कोरड्या गावच्या मुलीने पाण्याचा खड्डा ओलांडण्याची शर्यत निवडावी, यातील गंमत आमच्या ध्यानी आली, ती आपल्याही येईल.

मॅरेथॉनचा धावपटू पाय जमिनीपासून फार उचलीत नाही. शक्ती वाचवावयाची असते. येथे दर फेरीला पाच वेळा उंच उचलावयाचा. म्हणजे पंचविशीत येऊन पाऊल कसे टाकावे, येथपासून शिकावयाचे. ते शिकून त्याच वर्षी सप्टेंबरात इंचेऑनच्या आशियाई स्पर्धेत त्या उतरल्या. तेथे एक विलक्षण प्रकार घडला. पहिली आलेली बहरीनची रूथ जेबेट रेषेच्या आत पाऊल टाकल्याच्या कारणाने प्रथम बाद ठरली व ललिताबाई दुसऱ्या झाल्या. मग दाद मागितली गेली, जेबेटला तिचे सुवर्ण परत मिळाले, आणि ललिताबाईंच्या हाती ब्राँझ आले. वेळ 9 मिनिटे 35.37 सेकंद, सुधा सिंग यांच्या नावे असलेला राष्ट्रीय विक्रम मोडणारी. सुधा सिंग 2010 च्या आशियाई स्पर्धेतील याच शर्यतीच्या सुवर्णविजेत्या. त्या चौथ्या आल्या. पुढे 2015 साली वुहान येथे ललिताबाईंना आशियाई अजिंक्यपद मिळाले, व त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी गाठून त्या आठव्या आल्या. विक्रम मात्र दोघींमध्ये फिरत राहिला. 2016 च्या एप्रिलमध्ये दिल्लीत ललिताबाईंनी 9:27.09 केले, तर मे महिन्यात शांघायला सुधा सिंगनी 9:26.55. आपल्याकडे दोन भाऊबंदांत बांधावरून चालते तशी ही ओढाताण. फरक इतकाच की, हिच्यातून देशाचे काहीतरी वाढत होते.

आता आमचे बोलावणे.

सुमारे अठ्ठावीस वर्षांमागे आमच्या शाळेत सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. ती आपल्याच ज्ञातीतील; नाव सांगत नाही. खो-खोच्या संघात तिच्यासारखी दुसरी नव्हती. तालुक्याच्या सामन्यांत तिने शाळेला ढाल मिळवून दिली होती, आणि ती ढाल मुख्याध्यापकांच्या खोलीत घड्याळाखाली टांगलेली असे. त्या वर्षी बाहेरगावच्या एका क्रीडा-वसतिगृहासाठी निवड होती. निवड करणाऱ्यांनी या मुलीला पळताना पाहिले व सांगितले की, हिने खो-खो सोडावा आणि लांब पल्ल्याच्या धावण्याकडे जावे. राहण्याजेवणाची सोय होईल. मुलगी तयार होती. वडील रात्री आमच्या ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ कपाशीचे बोलणे झाले. मग त्यांनी विचारले, "गुरुजी, पोरले धाडानं का नही?"

आम्ही म्हणालो, पाठवू नका. कारणही दिले. खो-खोत तिचे नाव झाले आहे. ते सोडून जेथे तिला कोणी ओळखत नाही तेथे जाऊन शेवटच्या रांगेत कशाला उभे राहावयाचे? शिवाय धावून धावून मुलगी कोठे पोहोचणार? हे शेवटचे वाक्य आम्ही हसत हसत बोललो, व वडीलही हसले. ओसरीवर दाराआड ती उभी होती, हे नंतर आमच्या मंडळींनी सांगितले.

याच सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांना 1952 साली हेलसिंकीस जाण्यास पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. खर्डेकरांनी घर दिले; आमच्याकडे तर एक शब्द मागितला होता.

15 ऑगस्ट 2016. सकाळी शाळेत झेंडावंदन झाले. दोन दिवस आधी ब्राझीलमधील रिओ येथे ललिताबाई प्राथमिक फेरीत 9 मिनिटे 19.76 सेकंद धावल्या होत्या. राष्ट्रीय विक्रम सुमारे सात सेकंदांनी खाली आला होता. 1984 साली पी. टी. उषा अंतिम फेरीत धावल्या, त्यानंतर बत्तीस वर्षांनी ऑलिंपिकच्या धावमार्गावरील वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत भारतीय स्त्री आली होती. उषाबाईही मूळच्या लहान पल्ल्याच्या धावपटू. अडथळ्यांची 400 मीटर शर्यत त्यांनी ऑलिंपिकच्या थोडेच आधी जवळ केली होती, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाने त्यांचे ब्राँझ हुकले. हे सारे वर्तमानपत्रांतून वाचून गल्लीतली मुले-माणसे संध्याकाळी आमच्या घरी दूरदर्शन संचासमोर जमली. पावणेआठच्या सुमारास शर्यत होती. राखीपौर्णिमा तीन दिवसांवर आल्यामुळे माहेरवाशिणी गावात आल्या होत्या, आणि ती आमची विद्यार्थिनीही मुलीला कडेवर घेऊन येऊन बसली होती.

जेबेटने 8 मिनिटे 59.75 सेकंदांत सुवर्ण घेतले. ललिताबाई 9:22.74 वेळेने दहाव्या आल्या. खोलीत क्षणभर शांतता पसरली. मग कोणीतरी, बहुधा आमचा पुतण्या असेल, म्हणाला, "दहावीच आली!" त्यावर ती मुलगी (आम्ही अजून तिला मुलगीच म्हणतो) पडद्यावरची नजर न हलविता बोलली, "पन तिले पयाले तं भेटनं ना, गुरुजी." तिला धावावयास तर मिळाले. पुतण्याच्या बोलण्याला दिलेल्या उत्तरात 'गुरुजी' हा शब्द का आला, ते खोलीत फक्त आम्हां दोघांना कळले.

त्याच रिओमध्ये त्यानंतर पाचच दिवसांनी, 20 ऑगस्टला, अमेरिकेच्या ग्वेन जॉर्गेन्सन यांनी ट्रायथलॉनचे सुवर्णपदक जिंकले. ट्रायथलॉन म्हणजे तीन शर्यती एकापाठोपाठ एक, मध्ये विसावा न घेता: दीड किलोमीटर पोहणे, मग सायकलवर 40 किलोमीटर, म्हणजे साधारण येथून चाळीसगाव, आणि उतरल्याबरोबर 10 किलोमीटर धावणे. या बाई हिशेबनीस म्हणून एका मोठ्या संस्थेत कामाला होत्या. विद्यापीठात पोहत व धावत असत, ते हेरून त्यांना या खेळात आणले गेले. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सायकलचे चाक बसले व त्या अडतिसाव्या आल्या. 2014 व 2015 अशी दोन्ही वर्षे जगज्जेत्या, आणि मग रिओचे सुवर्ण. अमेरिकेचे या खेळातील पहिले. खेळाडूला याहून वर चढावयास पायरी नसते.

2017 साली त्यांना मुलगा झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी जाहीर केले की, आपण ट्रायथलॉन सोडून मॅरेथॉन धावणार, आणि ऑलिंपिकमध्ये तीही जिंकावयाची आहे. ललिताबाई मॅरेथॉनकडून निघाल्या होत्या, या बाई मॅरेथॉनकडे निघाल्या. ऑक्टोबर 2018 मध्ये शिकागोला त्या अकराव्या आल्या, वेळ 2 तास 36 मिनिटे 23 सेकंद. आम्ही हा आकडा ललिताबाईंच्या आकड्याशेजारी कागदावर मांडून पाहिला. जगातील सर्वश्रेष्ठ ट्रायथलॉनपटू, पाठीशी उत्तम शिक्षक, उत्तम सोयी. आणि माणदेशची रेल्वे कर्मचारी. दोघींत दोन मिनिटांचेही अंतर नाही. म्हणजे ललिताबाईंनी जे सोडले ते काय किमतीचे होते, हे आम्हांस तेव्हा कळले.

पुढे जॉर्गेन्सनबाईंच्या टाचेवर 2019 साली शस्त्रक्रिया झाली. मॅरेथॉन मागे पडली. त्यांनी 5000 मीटरचा प्रयत्न केला, पण टोकियोच्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या धावसंघात त्यांना स्थान मिळाले नाही. दुसऱ्या मुलाच्या जन्मानंतर, 2022 च्या अखेरीस, त्या पुन्हा ट्रायथलॉनकडे वळल्या. पॅरिसला मात्र जाता आले नाही. पुष्कळांनी म्हटले असेल, सोन्यासारखे चालले होते, कशाला गेली? आम्हीही एकदा ओट्यावर बसून हेच म्हटले होते. तेव्हा आम्हांस तसे म्हणण्याचा अधिकार उरलेला नाही.

एकीचे वळण फळास आले, दुसरीचे आले नाही, असे सरसकट म्हणणेही आम्हांस पटत नाही. ललिताबाईंना तरी रिओत पदक कोठे मिळाले? त्या वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, हे खरे. त्यांचा रिओचा विक्रम सात वर्षे टिकला. 2023 साली बुडापेस्ट येथे पारुल चौधरी यांनी 9:15.31 वेळ देऊन तो मोडला. पारुलही सपाट धावण्यातून अडथळ्यांकडे आलेल्या. आपल्या मराठवाड्याच्या सीमेवरील आष्टी तालुक्यातील अविनाश साबळे सैन्यात गेले, रानावनातून धावण्याच्या शर्यतींतून स्टीपलचेसकडे वळले, आणि 2023 च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण आणले. वाट मोडणाऱ्याच्या मागे वाट पडते, ती अशी. स्वतः ललिताबाई रिओनंतर मोठ्या मैदानांवर फारशा दिसल्या नाहीत. पुढे त्या राज्य शासनाच्या महसूल खात्यात अधिकारी झाल्या. हे तिसरे वळण. खो-खो, मॅरेथॉन, स्टीपलचेस, आणि आता सातबारा! तेथेही अडथळे काही कमी नसतील.

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत वधूवरांच्या माहितीचे रकाने असतात. शिक्षण, नोकरी, शेती, उंची, अपेक्षा. यंदा ती पाने तपासण्याचे काम आमच्याकडे होते. 'शिक्षण' या रकान्यात एका मुलीच्या वडिलांनी लिहिले होते, 'अभियांत्रिकीचे एक वर्ष, नंतर बी. ए.', आणि मग ते एक वर्ष शाईने खोडले होते. आम्ही त्यांना विचारून ते पुन्हा लिहून घेतले. छापताना ते तसेच राहावे, अशी संपादक मंडळास विनंती आहे.

त्या आमच्या विद्यार्थिनीची मुलगी आता नववीत आहे. तिकडे सासरच्या गावी ती कबड्डीच्या संघाची कर्णधार आहे. गेल्या महिन्यात तिच्या वडिलांचा, म्हणजे जावईबापूंचा, दूरध्वनी आला. पोरगी कबड्डी सोडून धावणार म्हणते, तिच्या आईने सांगितले की आधी गुरुजींना विचारा, काय करावे? आईने आम्हांलाच का विचारावयास सांगितले, हे त्यांना ठाऊक नसावे. आम्ही थोडा वेळ काही बोललो नाही. मग आम्ही त्यांना, तेथून धावण्याचे मैदान किती लांब आहे आणि सकाळी तिला सोडावयास कोण जाईल, एवढेच विचारले. ते म्हणाले, चार किलोमीटर आहे, आणि तिची आई जाणार म्हणते.